बाबांच्या कागदांसाठी आवाज

५ नोव्हेंबर २०१७, रविवार

आज पुन्हा हरलो! बाबांचे कागद आईला वाचून दाखवायला बसलो. दुसऱ्याच पानावर तिनं हात वर केला. 'शेखर, तू वाचून राहिला का सही-शिक्का मारून राहिला रे?' — इतकी वर्षं सरकारी टिपणं वाचल्याचा परिणाम. चूक तिची नाही.

रेल्वेतली गार्डची नोकरी संपल्यावर बाबा रोज दुपारी लिहीत. मालगाडीच्या शेवटच्या डब्यातले दिवस. आईला म्हणत, 'विमल, तू सावकाश वाच, घाई नाही.' ती सावकाशच राहिली, वाचायचं राहून गेलं. मागच्या वर्षी बाबा गेले, आणि आता आईच्या डोळ्यांचा पडदा गेला. कडेचं दिसतं, मधलं नाही. अक्षर तर मधेच असतं. 'काय लिहिलं ते ऐकू तर येऊ दे मले,' एवढंच मागते.

मी नव्या रायपूरला ऑफिसात, बायको अर्चना शाळेत शिकवायला, आई दिवसभर एकटी. कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावं, रेकॉर्ड करून तिच्याजवळ ठेवावं. कल्पना सोनियाची. 'पापा, कोई प्रोफेशनल ले लो ना, दादी आराम से सुनेगी.' माझी मुलगी मराठीत ऐकते, हिंदीत बोलते.

८ नोव्हेंबर, बुधवार

समता कॉलोनीत यामिनी दीदींचा छोटा स्टुडिओ आहे. जास्त करून दुकानांच्या जाहिराती करतात. 'आवाज कैसी चाहिए?' बाबांसारखा, म्हणालो. 'पिताजी की कोई रिकॉर्डिंग?'

नाही. फोन समोर धरला की बाबा गप्प होत, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. त्यांचा आवाज कुठेच राहिलेला नाही. दीदींनी पाणी पुढं केलं, शनिवारी दोघांना बोलावते म्हणाल्या.

११ नोव्हेंबर, शनिवार

दोघांना ऐकलं.

पहिले गृहस्थ समारंभांचे निवेदक. भरदार आवाज. पण बाबांच्या प्रत्येक 'मले'चं त्यांनी 'मला' केलं! मी थांबवलं तर म्हणाले, 'शुद्ध करून घेतलं, आपण निश्चिंत राहा.'

दुसरा नाटकातला. त्याला आधीच सांगितलं, आमच्याकडची वऱ्हाडी बोली जशीच्या तशी हवी. त्यानं असे हेल काढले की काचेपलीकडं दीदींना हसू आवरेना. आमची भाषा ऐकली की लोकांना विनोदी नोकरच का आठवतो? बाबा असे बोलत नव्हते. आम्ही कोणीच असे बोलत नाही.

तरी दोन्ही नमुने आईला ऐकवले. तिच्यासाठी आहे, तर तिला न विचारता नाकारणं बरं नव्हे.

निवेदकांना: 'हे लग्नाची पत्रिका वाचून राहिले काय?'

नाटकवाल्याला: 'याले कोनी चिमटे काढून राहिलं का बाप्पा?'

१४ नोव्हेंबर, मंगळवार

कोणी नाही. दीदी म्हणतात, 'भैया, थोड़ा समझौता कर लो.' नाही करणार.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मिळाला!

गंधार. तिशीचा असेल. इथून जवळच अभनपूरला बियाण्यांचं दुकान, घराणं मूळचं अमरावतीकडचं. हात मागं बांधून माइकसमोर उभा राहतो. वाचलं ते असं — 'गाडी सिग्नलपाशी उभी रायली. मी खाली उतरलो. त्या अंधारात मले माह्याच हातातला दिवा परका वाटला.' वर काही घातलं नाही, खाली काही सांडलं नाही.

मग मीच सांगत सुटलो. आवाज जरा खाली घ्या. वाक्य संपलं की श्वास सोडा. बाबा 'हव' म्हणायच्या आधी किंचित थांबत, पटल्याशिवाय होकार नाही! त्यानं सगळं उचललं. 'भैया, तुम्ही डोळे मिटूनच सांगा, तसं बरोबर सांगता.'

मिटले. शेवटी शेवटी त्या खोलीत बाबा बोलत होते. मी रडलो. गंधारनं हेडफोन काढले. 'थांबू का?'

नको, म्हणालो. आणखी एकदा.

घरी येताना एक टोचणी. दुसऱ्याच्या गळ्यात बाबा बसवण्याचा मला काय अधिकार? पण हे आईसाठी आहे. आईसाठीच आहे ना?

१९ नोव्हेंबर, रविवार

आईला काही न सांगता लावलं. ती वाटाणे सोलत होती. पहिल्याच वाक्याला हात थांबले. शेवटपर्यंत तशीच बसून ऐकलं.

'कोन आहे हा?'

'गंधार. अभनपूरचा.'

'चांगला पोट्टा आहे.'

बस. जेवली अगदी थोडं. सोनियानं विचारलं, 'दादी, पसंद नहीं आया?' — 'आला ना बेटा.'

मन भरून आलं असणार! बाबा तिच्यापर्यंत पोचले. मी लगेच गंधारला फोन करून टाकला: शनिवारपासून सुरू करू.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आई फार बोलत नाही. सकाळी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. थांबायची, मान हलवायची, पुन्हा सुरू. जप चाललाय समजून मी दार हलकेच ओढून घेतलं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आईनं हात धरून जवळ बसवलं. 'रागावू नको शेखर. तो पोट्टा लय छान वाचते. पन तवापासून यांची आठवण काढली का त्याचाच आवाज येऊन राहिला. यांचा मले सापडेच ना. यांचंच बोलनं ओठातल्या ओठात म्हनत बसली, तवा आज थोडासा परत आला. तू बाईमाणूस पाहा एखादी, कोनीही चालते, यांच्यासारखी नको फक्त. यांचा आहे तेवढा माह्यापाशी राहू दे.'