नवाफ आला की रजा

अम्मी, तुला आणि घरात सगळ्यांना सलाम.

महिनाभर पत्र टाळलं, कारण आपल्या इकराच्या निकाहाला येतो की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

इथे जेद्दात एक कॉम्प्युटर कंपनी स्वतःच्या खर्चाने गुणी पोरांना फुटबॉल शिकवते. पोरांच्या जाकिटात चिप असते, कोण किती धावला ते ती सांगते. जाकिटं धुवायची, चार्ज करायची, नंबरवार वाटायची, हे माझं काम. परवा माझ्याकडून दोन जाकिटं बदलली गेली आणि सावलीत बसणारा जाड्या यादीत पहिला आला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

आता या कामावर सौदी माणूसच हवा, असा नियम आलाय. नवाफ नावाच्या पोराला नेमलंय. साहेब म्हणतात, "त्याला शिकव आणि घरी जा." अगं, पण तो येईल तर शिकवीन ना? तीन आठवडे फोनवर रोज एकच, "बुकरा," म्हणजे उद्या. डोकं उठलंय.

पुढे काय करणार, ते एवढ्यात विचारू नकोस. मामूंच्या होडीला इंजिन बसलं का?

थांब, दार वाजतंय.

अम्मी, नवाफ नाही, त्याची बहीण रीम आलीय. म्हणते, "तो झोपलाय. नोकरी मी घेतली, चावी दे." आल्याआल्या भिंतीकडे बघून म्हणाली, "सात आणि सतरा नंबरची जाकिटं एकमेकांच्या खुंटीवर टांगलीत."

हिला काय शिकवू? इकराला सांग, येतोय.

तुझा तल्हा