‘तरीही आभार’ बँडचे सुजलेले गाल

प्रिय अराबाताई,

तुझ्या दोन्ही पायांना धाकट्या भावाचा, एकोचा नमस्कार, आणि उजव्या गुडघ्याला एक वेगळा नमस्कार, कारण त्याची तब्येत तुझ्यापासून निराळी विचारावी लागते असं मागच्या खेपेला तूच बजावलं होतंस. दाजींना आणि घरातल्या सगळ्यांना मी आठवण काढली म्हणून सांग. इकडे तुझी भावजय एवुरासी बरी आहे, मी बरा आहे, आणि आमच्या बँडमधली माणसं जिवंत आहेत. हे शेवटचं वाक्य मी एरवी सवयीने लिहितो. या वेळी प्रत्येकाच्या दारात जाऊन, बघून आल्यावर लिहितोय.

हे पत्र मुळात तुझे आभार मानायला लिहितोय. (पत्र खाली ठेवून चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस.) मी सहा वर्षांचा होतो आणि तू नऊ. तू उसाचं कांडं अर्धं खाल्लंस आणि उरलेलं मोठ्या मनाने मला दिलंस. ऊस गोड लागला, पण पुढे माझे गाल फुगून कानाला लागले आणि गावची जत्रा मी खिडकीतून पाहिली. आईने माझ्या गालांना कपड्याची नीळ फासली होती, त्यामुळे जत्रेतली पोरं जत्रा सोडून मलाच बघायला यायची. त्या उसासाठी मी तुला आजवर मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या सगळ्या आज परत घेतो. ताई, तू मला गालगुंडं दिलीस. देव तुझं भलं करो.

आता झालं काय ते सांगतो. आमच्या बँडचं नाव ‘तरीही आभार’ हे तुला ठाऊक आहेच. पण त्यात वाजवणारे जास्त आणि माउथपीस, म्हणजे ओठांना लावून फुंकायचं टोक, कमी, हे बाहेर कुणाला सांगत नाही. ट्रम्पेट दोन आहेत, पण धड माउथपीस एकच. ते क्वामेनाच्या तोंडातून निघतं, सदऱ्याला पुसलं जातं आणि फीफीच्या तोंडात जातं. (सदऱ्याला पुसलं की वस्तू स्वच्छ होते, अशी क्वामेनाची श्रद्धा आहे. सदरा कधी धुतला जातो ते त्याच्या बायकोला विचार.) शिवाय तालीम संपली की ताडीची एकच भोपळ्याची वाटी सगळ्यांमधून फिरते. एकाच वाटीतून प्यायलं की सूर जुळतात, असं मीच सगळ्यांना शिकवलंय.

क्वामेना म्हणजे पन्नाशीचा तोच गडी, जो आरशात बघितल्याशिवाय प्रेतयात्रेलाही निघत नाही. त्याची नात टाकोराडीहून सुट्टीला आली, ती एका गालात काहीतरी ठेवल्यासारखी. आजीला वाटलं, पोरीने गालात गोळी लपवलीय. तिने पोरीचं तोंड उघडून गोळी शोधली, सापडली नाही, म्हणून पोरीला खोटारडी ठरवलं. पुढे क्वामेनाचेही गाल फुगले. आता ताई, ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगले तर संशय कुणाला येणार? मला तर उलट आनंद झाला. भर तालमीत मी त्याला उभं केलं आणि पोरांना म्हणालो, “बघा, याला म्हणतात रियाज! नाहीतर तुम्ही, लग्नातल्या फुग्यात हवा भरल्यासारखे फुंकता.” क्वामेनाला तोंड उघडवत नव्हतं, पण मान ताठ झाली. त्या दिवशी मी त्याला वाटी सगळ्यांच्या आधी दिली. मान म्हणून.

मधे दोनअडीच आठवडे काहीच झालं नाही. हा आजार मोठा सबुरीचा. पावसाळी पाहुण्यासारखा आत येऊन गुपचूप बसतो, आणि गाल सुजायच्या दोन दिवस आधीपासूनच तोंडातल्या थुंकीतून, खोकल्यातून पुढच्या घरी निघालेला असतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की कोळ्यांचे मुखिया, नाना एगिर, वारले आहेत, शनिवारी त्यांची अंत्ययात्रा आहे, आणि तिन्ही किनाऱ्यांची माणसं शोकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत आमचं वाजवणं ऐकायला येणार आहेत.

शनिवारी सकाळी फीफी आला तेव्हाच त्याचा चेहरा मला जरा भरल्यासारखा वाटला. (फीफी म्हणजे आपल्या कोबिना ढोलवाल्याचा मुलगा. कोबिना गेल्यावर त्याला वाजवायला मीच शिकवलं. पुढच्या महिन्यात त्याचं मान्साच्या मुलीशी, कुकुआशी लग्न ठरलंय. मान्सा, मासळीबाजारातली, आवाजावरून ओळखशील.) मला वाटलं, लग्न ठरल्याचं सुख अंगी लागलंय. ट्रॉम्बोनवाले दोघेही असेच सुखात दिसत होते.

यात्रा निघाली. पहिल्या वळणापर्यंत भजन ठीक होतं. मग फीफीचा ट्रम्पेट खाली आला (क्वामेना अजून घरीच होता), मग एक ट्रॉम्बोन. वाजवणारे मधेच थांबत, कानाखाली हात धरत, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, नानांच्या आठवणीने बँडला भरून आलंय. बायका जास्त रडायला लागल्या. मोठ्या चिंचेखाली शवपेटी टेकवली तेव्हा नानांच्या धाकट्या सुनेने आमच्यासाठी सोललेली संत्री आणली, छान आंबटगोड. पोरांनी दात लावले मात्र, जवळजवळ सगळा बँड एकदम किंचाळला! जबडा धरून खाली बसले की. झालं, सगळ्या घोळक्याने गळा काढला. एक म्हातारी म्हणाली, “अरे, असं रडणारे बँडवाले माझ्या मरणालाही आणा रे!”

त्या घोळक्यात दवाखान्यातली नर्स देदे होती. रडायलाच आली होती, पण डोळे पुसता पुसता तिचं लक्ष संत्र्यांकडे गेलं. तिने सरळ येऊन फीफीच्या कानाखाली बोट लावून बघितलं, मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या.

“एकोकाका, हे दुःख नाहीये,” ती म्हणाली. “गालगुंडं आहेत. आंबट लागलं की कळ येते ती याचीच. ह्यांना सगळ्यांना घरी पाठवा. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, आणि नाना?”

“नानांना आता काही होणार नाही. बाकीच्यांचं बघा.”

ताई, नाना एगिर एका ट्युबावर आणि एका ढोलावर स्मशानात गेले. ट्युबा, तो जाडा भोंगा, माझा. त्यावर भजन वाजवलं की म्हैस प्रार्थना करतेय असं वाटतं. पण नानांच्या मोठ्या मुलाने नंतर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “काका, बापासाठी इतकं हृदय फुटलेलं मी पाहिलं नव्हतं.” मी मान खाली घातली.

पुढचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. घराघरात भीती शिरली, विशेषतः तरण्या पुरुषांत, कारण मोठेपणी झाला तर हा आजार गालावर थांबत नाही, कुठे उतरतो ते मी थोरल्या बहिणीला लिहिणार नाही. शेजारी दाराशी भांडं ठेवून पळायचे. मी देदेला विचारलं, “मला का होत नाही? मी पण त्याच वाटीतून प्यायलोय, सगळ्यांत जास्त.” तिने विचारलं, लहानपणी झाली होती का. मी उसाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग तुमच्या रक्ताने त्या जंतूला तेव्हाच ओळखून ठेवलंय. तो परत आला तर दारातच धरतं. तुम्ही विसरलात तरी ते विसरत नाही.” आणि क्वामेनाला पन्नाशीत कसं झालं? तर तो आजीच्या शेतावर एकटा वाढलेला. लहानपणी खेळायलाच कुणी नव्हतं, तर गालगुंडं कोण देणार? त्या रात्री मला क्वामेनाची पहिल्यांदा दया आली. त्याला बहीण नव्हती गं.

तर मग मीच हिंडलो. एवुरासी मक्याची पातळ पेज करायची, आणि मी घरोघर जाऊन पाजायचो. प्रत्येकाला आपापली वाटी, देदेचा हुकूम. औषध तसं काही नाही, ताप उतरवायची गोळी, पाणी आणि आराम. बाकीची लढाई अंगातल्या शिपायांनीच करायची. बायकांनी सगळ्यांच्या गालांना नीळ फासली होती. देदे म्हणाली, उपयोग शून्य, पण अपायही नाही. (पलीकडच्या गावाने परवा आम्हाला बोलावणं धाडलंय, ‘निळ्या गालांसकट या’ म्हणून.)

फीफीचं मात्र बिघडलं. ताप चढला, डोकं फुटायला लागलं, मान वाकेना. देदेने त्याला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि मी बरोबर गेलो. ताई, तिथल्या बाकावर बसून मी कोबिनाशी बोललो. म्हटलं, तुझ्या पोराला मी फुंकायला शिकवलं, आता त्याचा श्वास मोजतोय, तू तिथून जरा वशिला लाव. तिसऱ्या दिवशी फीफीने डोळे उघडले आणि मक्याची उकडलेली केंकी मागितली, तळलेल्या माशासकट. तिथल्या वॉर्डात मी सगळ्यांदेखत रडलो. आंबट काहीही न खाता.

तो वाचला. डावा कान गेला, बहुधा कायमचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं क्वचित होतं, झालं तर बहुतेक एकाच बाजूला. मला सांगायचा धीर होईना. पण कुकुआ भेटायला आली, त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलत राहिली, आणि त्याला ऐकू येत नाही हे कळल्यावर उठली, स्टूल उचललं आणि उजव्या बाजूला जाऊन बसली. तेवढंच. फीफी हसला आणि मला म्हणाला, “काका, ही बाजू हिची. मग डावी सासूबाईंना देऊ.” पोरगं बरं झालं हे मला तेव्हा पटलं.

परवा त्याने ट्रम्पेट हातात घेतला. एका कानाने सूर लागेल का, मला धाकधूक होती. लागला. आधीपेक्षा जरा मोठ्याने वाजवतो, पण ट्रम्पेटवाल्याला ते शोभतं. आता प्रत्येकाचं स्वतःचं माउथपीस आहे. चर्चमधल्या बायकांनी आणून दिली. देदेचे, एवुरासीचे, त्या बायकांचे, कुकुआचे आणि तुझे किती आभार मानू? बँडचं नाव आम्ही उगाच ठेवलं होतं. आता त्याचा अर्थ लागला.

जपून राहा. गुडघ्याला शेक दे.

तुझा भाऊ,
एको

ता. क. एक बारीकसं काम होतं. मान्साच्या डोक्यात बाजारातल्या कुणीतरी भरवलंय की गालगुंडं झालेल्या पुरुषाला मूल होत नाही. देदेने समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की असं फार क्वचित होतं. मान्सा म्हणते, “कागदावरचं मला सांगू नका, दाखवा.” लग्न अडलंय. तर ताई, दाजींना लग्नानंतर पहिल्याच वर्षी गालगुंडं झाली होती, आणि गालांवर थांबली नव्हती, हे तूच आईला सांगताना मी भिंतीआडून ऐकलंय. त्यानंतर तुम्हाला पाच मुलं झाली. तेव्हा शुक्रवारच्या गाडीने दाजींना आणि पाचही जणांना घेऊन ये. दाजींना लाजायचं कारण नाही, एक शब्द बोलावा लागणार नाही. मान्साच्या अंगणात खुर्चीवर बसायचं आणि मुलांनी उंचीप्रमाणे मागे उभं राहायचं.

आणखी ता. क. एवुरासी म्हणते, आधी दाजींना विचारायला हवं होतं. पण मी मान्साला मासळीबाजारातच सांगून टाकलंय, आणि तुला मासळीबाजार माहीत आहे. गाडीतून उतरल्यावर बायका दाजींकडे कौतुकाने बघतील, एकदोघी टाळ्याही वाजवतील. त्यांना म्हणावं, हसायचं आणि हात हलवायचा.