खांड्याशी लागलेलं लग्न

भोकरदन,
बुधवार, दुपार

प्रिय तातेराव,

पत्र बघून दचकला असशील. सत्तेचाळीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता अचानक ही म्हातारी पाच पानं पाठवतेय, तेही फोन हाताशी असताना. फोन करणार होते रे. तुझा नंबर आणि पत्ता दोन्ही तीर्थपुरीच्या बाजारात राधेश्यामच्या कापडाच्या दुकानातून मिळवले. त्यानं आधी चहा पाजला, मग दहा प्रश्न विचारले आणि मग दिले. पण फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस. 'जाऊ दे वंदना, झालं गेलं' म्हणाला असतास आणि मीही लगेच जाऊ दिलं असतं. माझा स्वभाव मला माहीत आहे. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद. वहिनींना वाचून दाखवलंस तरी माझी बिलकुल हरकत नाही. उलट बरंच होईल, तुला समजावायला घरात कुणीतरी शहाणं माणूस असेल.

माझं बरं चाललंय. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी रस्त्यात पोरं दिसली की 'रांगेत चला' तोंडातून निघतंच. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. माणूस चांगला होता. घोरायचे फार, पण आवाज चढवून कधी बोलले नाहीत. मुलगा पुण्याला असतो, बोलावतो, मी जात नाही. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

पण लिहायला बसले ते प्रियामुळं. प्रिया म्हणजे काकासाहेबाची मुलगी, माझी एकुलती एक भाची. आपला काकासाहेब, जो शाळेत तुझ्या सायकलच्या नळीवर बसून यायचा, तो आता साठीला टेकलाय आणि मिशी आमच्या वडिलांसारखी, आबांसारखी ठेवतो. प्रिया जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत आहे, बी उगवतंय की नाही ते तपासायचं काम. तिथंच आदिनाथ म्हणून मुलगा आहे, आष्टीचा. चार वर्षं झाली दोघांचं जमून. त्याच्या वडिलांचं आष्टीत इस्त्रीचं दुकान आहे. श्रावणात ते गृहस्थ नवी टोपी घालून रीतसर मागणी घालायला आले. काकासाहेबानं त्यांना बसवलं आणि चारचौघांत विचारलं, आमच्या गढीवरचे कपडे तुमचे आजोबाच न्यायचे ना. ते म्हणाले, हो, न्यायचे. इतक्या सरळ माणसाला काकासाहेब म्हणाला, "राणीच्या वंशातली पोर आहे ही. इस्त्रीच्या टेबलामागं उभी करायला न्हाई वाढवली." ते उठून गेले. तुला हे वाचून काय आठवलं असेल ते मला कळतंय. थांब जरा, तिथवर येतेच.

प्रिया बापासारखीच हट्टी. म्हणते, लग्न तर करणारच, कोर्टात जाऊन करीन, पण मंग या उंबऱ्यात परत पाय ठेवणार न्हाई. आणि ती बोलते ते करते. तिची आई रडून राहिलीय, काकासाहेब जेवत नाही आणि जेवत नाही हे कुणाला दिसू देत नाही. एकच लेकरू आहे त्याला. येत्या रविवारी भावकीची बैठक आहे, तिथं काय तो निकाल लागायचा. प्रिया मागच्या आठवड्यात बसनं भोकरदनला आली, माझ्या पलंगावर पालथी पडली आणि म्हणाली, "आत्या, तू माझ्या बाजूनं बोलशील का?" त्यावर मी तिला आमच्या घराची खरी गोष्ट सांगितली.

गावाला माहीत असलेली गोष्ट तुला पाठ आहे. शिलंगणाला गढीवरचा खांडा बाहेर निघायचा, म्हणजे ती जुनी तलवार; घरच्या लेकीनं राणीसाहेबांच्या नावानं तिची ओटी भरायची आणि गुरव सगळ्या गावासमोर गोष्ट सांगायचा. तू पहिल्या रांगेत बसायचास. तरी पुन्हा लिहिते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमचे मूळपुरुष राजे हैबतराव. त्यांचं लग्न ठरलं गोदावरीपलीकडच्या संस्थानच्या उमाराजेंशी. हळदीच्याच दिवशी निजामाच्या फौजेतून बोलावणं आलं आणि राजांना मोहिमेवर निघावं लागलं. तेव्हा राजघराण्यांत रीत होती, नवरदेव येऊ शकत नसेल तर त्याचा खांडा पाठवायचा. बोहल्यावर तलवार उभी करायची आणि नवरीनं तिलाच माळ घालायची. उमाराजेंनी घातली. मग मेण्यात बसून त्या सासरी आल्या, नवऱ्याचं तोंडही न बघता अकरा महिने वाट पाहिली, आणि राजे मांडीला घाव घेऊन परतले तेव्हा सेवा करून त्यांना जगवलं. राजांनी पुढं दुसरी राणी केली नाही. आम्ही सगळे त्यांच्या वंशातले.

खरी गोष्ट घरातल्या लेकींनाच सांगायची, सुनांना नाही, पुरुषांना तर नाहीच. लेकीला हळद लागायच्या आधी घरच्याच थोरल्या लेकीनं, आत्यानं नाहीतर आत्याआजीनं सांगायची, असं चालत आलंय. मला जिजीनं, माहेरीच राहिलेल्या आबांच्या आत्यानं सांगितली, तूर निवडता निवडता, सुपातून मान वर न काढता. उमाराजे आमच्या गावी कधी आल्याच नाहीत. वाटेत, नदी ओलांडायच्या आधीच, त्यांना पटकी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. सोळा वर्षांच्या होत्या. बरोबर करवली म्हणून तुळजा नावाची त्यांच्याच वयाची मुलगी होती, नावाड्याची पोर. वऱ्हाडाबरोबरच्या कारभाऱ्यानं विचार केला. मेलेली सून घेऊन दारात गेलो तर दोन घरं एकमेकांवर तलवारी उपसणार. आणि इकडे नवरीला पाहिलेलं कुणीच नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. कारभाऱ्यानं तुळजाच्या अंगावर शालू चढवला, तिला मेण्यात बसवलं आणि पडदे सोडले. उमाराजेंना करवलीच्या नावानं नदीकाठी अग्नी दिला. राजाची लेक, आणि तिच्यासाठी मोठ्यानं रडायचीही कुणाला मुभा नव्हती. सगळे तुळजाचं कौतुक करतील, मला मात्र त्या पोरीचंच आजवर वाईट वाटत आलंय.

तुळजा अकरा महिने राणी म्हणून जगली ती जीव मुठीत धरून. कमी बोलायची, डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. राजे आले आणि अंथरुणाला खिळले, तेव्हा मात्र तिला लपता येईना. घाव धुवायला दाई कचरायची, ही नाही. राजांना हुरडा हवा झाला तर हिनं ताटातली कणसं नुसती दाबून सांगितलं, हे कोवळं, हे निबर. राजे हसले म्हणे, राणीसाहेबांना शेतातलं बरंच कळतं. त्यांना तिची तीच गोष्ट आवडायला लागली जी तिनं झाकायला हवी होती. तिचंही मन बसलं. आणि जितकं बसलं तितकी भीती वाढली, कारण आता नुसता जीव जाणार नव्हता.

एक दिवस राजांनी उशाखालून एक कागद काढला. लग्न ठरल्यावर उमाराजेंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र, मोहिमेत सगळीकडे बरोबर नेलेलं. म्हणाले, आज तुमच्याच तोंडून ऐकायचंय, वाचा. तुळजाला अक्षर येत नव्हतं. डोळे दुखतात म्हणाली असती तर निभावलं असतं. पण ती कागद हातात धरून बसली आणि सगळं सांगून टाकलं. राजांनी तिच्या हातातून कागद घेऊन घडी घातली. मग त्यांनी आधी उमाराजेंचं विचारलं, कुठं अग्नी दिला, कुणी दिला. आणि मग म्हणाले, "बोहल्यावर तू नव्हतीस. पण मी तरी कुठं होतो? लग्न लागलं ते तिचं आणि लोखंडाचं. आपलं अजून लागायचंय." आठ दिवसांनी एका दाईच्या साक्षीनं त्यांनी तिला स्वतःच्या हातानं माळ घातली. उमाराजेंच्या माहेराहून न्यायला आलेल्या भावाला पडद्याआडून निरोप दिला गेला, आणि जगाला कधी काही कळलं नाही. म्हणजे बघ, आमच्या घराण्याचं खरं लग्न हे, नावाड्याच्या पोरीचं. जिजी म्हणायची, लेकींना सांगायचं ते एवढ्यासाठी की सासरी गेल्यावर डोक्यात हवा जाऊ नये.

प्रिया ऐकून आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "मंग बाबा कोणत्या तोंडानं बोलून राहिलेत?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन थेट बापाला सांगितलं. काकासाहेब काल माझ्याकडे आला होता. जालन्याहून गाडी बदलून, उन्हातान्हाचा. मला वाटलं चिडेल, पण तो शांत होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, गोष्ट छान रचलीस आक्का. मी म्हणाले, रचली नाही. जिजीच्या तोंडून ऐकलीय. तेव्हा त्यानं जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला द्यायच्या आधी तुला द्यायला हवं असं वाटलं. तो म्हणाला, "खरं असतं तर तू तेव्हाच बोलली असतीस. तातेरावच्या टायमाला. तेव्हा का गप बसलीस?"

अठ्ठ्याहत्तर सालचा तो दिवस तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे, माझ्या बाजूनं ऐक. तुझे वडील आणि तुमचे पुंजारामकाका मागणी घालायला आमच्या ओसरीवर बसले होते. आबांनी चाळीस माणसांत तुझ्या वडिलांना विचारलं, "तुमच्या मातोश्रींचा पाट लागल्ता, बराबर ना?" विधवा बाईनं दुसरा संसार केला, एवढाच तुझ्या आजीचा गुन्हा. तुझे वडील चहा तसाच ठेवून उठले. मी दाराआड होते, जिजी माझ्या शेजारी. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाली, "बोल की आता." मी तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं मला ती गोष्ट लग्नाआधी सांगितली हे खरं, पण इथल्या, भोकरदनच्या लग्नाआधी नाही. तुम्ही येण्याच्या दोन दिवस आधी सांगितली होती. आपलं दोघांचं तिला कळलं होतं, आणि आबा काय बोलणार हेही. माझ्या हातात तिनं हत्यार दिलं होतं, तातेराव. आबा जिजीसमोर मान वर करत नसत. मी दोन वाक्यं बोलले असते तर ती पुढं झाली असती, आणि आबांना गप बसावं लागलं असतं.

मी घाबरले म्हणून गप्प बसले, असं स्वतःला मी किती वर्षं सांगितलं. ते खरं नाही. शाळेत पोरी मला बाक सोडून उठायच्या, शिलंगणाला सगळं गाव माझ्या हाताकडे बघायचं, मी राणीची होते. दाराबाहेर पाऊल टाकलं असतं तर नावाड्याची झाले असते. आणि तुझे वडील मान खाली घालून पायऱ्या उतरत होते ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. आपण खरंच वरचे आहोत असं वाटलं. मग आठवडाभर रडले, पण ते नंतर.

रविवारी बैठकीत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. नुसती तुळजाची गोष्ट सांगून भागत नाही. काकासाहेबाचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं एकच खरं उत्तर आहे, की मला माहीत होतं आणि मी मानापायी बोलले नाही. तेव्हाच ते विश्वास ठेवतील. आबांच्या पश्चात त्यांच्या लेकीनं आपली लाज चाळीस माणसांत मांडायची आहे, पण प्रिया घरापासून तुटण्यापेक्षा ते परवडलं. संध्याकाळपर्यंत ते तीर्थपुरीच्या बाजारात पोचेल आणि राधेश्याम तुला फोन केल्याशिवाय राहणार नाही. तुला ते त्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र आजच टपालात टाकतेय, शनिवारपर्यंत मिळायला हवं. तेव्हा आठवड्यानं तू काकासाहेबाच्या वहीत घालून मला चिठ्ठी धाडली होतीस, आठवतं? एकच ओळ होती, 'तुझा काही दोष नाही.' ती लिहून तू शांतपणे दुसरीकडे लग्न केलंस, संसार केलास, कधी कुणाजवळ मला नाव ठेवलं नाहीस. माझा दोष होता, तातेराव. एकटीचा होता.

तुझीच,
वंदना