बागेसकट घर

चि. प्रल्हादास,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही.

आईचं आजारपण नऊ वर्षं मी काढलं. तू पुण्याहून दोन दिवसांसाठी आलास, तिच्या थरथरत्या हाताची सही घेतलीस आणि घर आपल्या नावावर केलंस. तेराव्याला म्हणालास, "ताई, घर विकतोय. तू रामनगरला एखादी खोली बघ."

दलालानं मी लावलेला बेल, पारिजात, मोगरा पाहिला आणि म्हणाला, "इस गली में बगीचा! पाँच लाख ज़्यादा मिलेंगे."

तू हसलास. "बघ ताई, तुझी बाग कामाला आली. गिऱ्हाईक येईपर्यंत पाणी घालत राहा."

मी घालत राहिले. तू गेल्यावर बाजारातून एक पिंड आणली, बेलाखाली ठेवली आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मागचं दार उघडं टाकलं. शेजारच्या बायका तांब्या घेऊन आल्या. महिन्याभरात कुणी घंटा बांधली, कुणी ओटा घातला. आता सगळी गल्ली त्याला बेलेश्वर म्हणते.

काल तिसरं गिऱ्हाईक आलं. आत आरती चालली होती. त्यानं दारातच चपला काढल्या, हात जोडले आणि मला म्हणाला, "बहनजी, ये तो मंदिर है. मंदिर कौन ख़रीदेगा?" दलाल अर्ध्या किमतीवर आलाय, तरी घर जात नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. दर रविवारी तू फोनवर काकुळतीनं विचारतोस, "ताई, कुणी आलं होतं का?" तुझा तो आवाज मला अजून बरीच वर्षं ऐकायचाय.

याच घरातून,
लतिका