खाजगी कारण

गांगवोन प्रांत, दक्षिण कोरिया
५ जानेवारी २००४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही ‘बरा आहे’ म्हणून रिसीव्हर ठेवून देता, म्हणून हे पत्र. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नऊ फेब्रुवारीला आहे हे मला मावशीकडून कळावं, याला काय म्हणावं?

रजेचा अर्ज त्याच दिवशी दिला. उपमुख्याध्यापक प्यो सरांनी तो वाचला, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले की जरा अवघड आहे. इथे ‘जरा अवघड’ म्हणजे चक्क नाही. शाळेला सुट्टी आहे. मुलं नाहीत, शिक्षक नाहीत, बॉयलरही बंद. पण परदेशी इंग्रजी शिक्षिकेने साडेआठ ते साडेचार टेबलापाशी बसायचं असं करारात आहे, म्हणून मी कोट-टोपी घालून बसते. शाळेत बूट चालत नाहीत, त्यामुळे सपातांत बोटं बधिर होतात. पुढचे धडे तयार करावेत, तर पुस्तक कुठलं लागणार हे कुणालाच ठाऊक नाही. शाळा चालू असतानाही मी काय करते? एक वाक्य म्हणते, चाळीस मुलं ते माझ्यामागून म्हणतात. टेपरेकॉर्डर ठेवला असता तर स्वस्तात पडला असता.

प्यो सर मात्र पलीकडच्या खोलीत रोज हजर. मी पळून जाते का हे बघायला. दुपारी माझ्या टेबलावर दोन संत्री ठेवून जातात, म्हणजे तेवढीच हजेरी होते. डोकं फिरलंय माझं.

जेवणाची हयगय करू नका. लोभ आहेच.
आपली ब्रोना


बालिना, आयर्लंड
१३ जानेवारी २००४

चि. ब्रोनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. इतका आरडाओरडा कशाला? खुबा माझा, तो बदलणार डॉक्टर, त्यात तुझं काय काम? शेजारच्या कॉन्सेप्टाबाई गाडीने सोडणार आहेत. त्या वाटेत अखंड बोलतील, तेवढाच काय तो धोका. तू नोकरी सांभाळ.

तुझ्या त्या प्यो सरांचं मला नवल वाटतं. शाळेतून पळून जायला तू काही कैदी नाहीस. मग तो बिचारा थंडीत का बसतो? मी तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये एकटा बसलो आहे. बसणाऱ्या माणसाला कुणी चहा विचारला तर तो बोलायला लागतो. विचारून बघ.

इकडे सगळं ठीक. कुत्रा लठ्ठ झाला आहे. माझी काळजी करू नये, हेच सांगणं.
तुझा, बाबा


गांगवोन प्रांत
२२ जानेवारी २००४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं आणि मी लगेच चहा घेऊन गेले. प्यो सरही हातमोजे घालून बसले होते. त्यांच्या खोलीतही हीटर नव्हता. मला वाटायचं, साहेब आत शेकत असतील.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या कोरियनमध्ये अखेर कळलं ते असं. परदेशी शिक्षक शाळेत असला की कुणीतरी जबाबदार माणूस हजर हवा, असं शिक्षण कार्यालयाचं फर्मान आहे. म्हणजे मी आहे म्हणून ते आहेत. त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई दक्षिणेला गावी अंथरुणाला खिळली आहे. मी नसते तर ते शाळेला कुलूप लावून कधीच गेले असते. मग मला सांगितलं का नाही, असं मी चिडून विचारलं. ते म्हणाले की पाहुण्याला असलं ओझं कसं द्यायचं.

मग त्यांनी मला विचारलं की रजा कशाला हवी होती. बाबा, अर्जावर मी ‘खाजगी कारण’ एवढंच लिहिलं होतं. घरचं दुखणं साहेबाला कशाला सांगायचं, हीच आपल्याकडची रीत. त्यांना वाटलं, मला थायलंडला फिरायला जायचंय, आणि फिरण्यासाठी कार्यालय रजा देत नाही. ऑपरेशन म्हटल्याबरोबर ते ताडकन उठले आणि त्यांनी मला असं फैलावर घेतलं की विचारू नका. वडील इस्पितळात जाणार आणि मुलगी इथे संत्री सोलत बसते, लाज कशी वाटत नाही? त्याच पावली कार्यालयात गेले आणि रजेवर शिक्का घेऊनच परतले. तीन आठवडे असेच गेले, बाबा. मधे एक भिंत, आणि दोघंही उगाच गारठत होतो. मला त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा.

पाच फेब्रुवारीचं तिकीट राखून ठेवलं आहे. पण तुम्ही लिहिता येऊ नकोस. मी हट्टाने आले तर तुम्ही महिनाभर तोंड फुगवून बसाल. म्हणून एकदाच खरं काय ते लिहा. त्याप्रमाणे करीन.

उत्तराची वाट पाहते.
आपली ब्रोना


बालिना
२८ जानेवारी २००४

चि. ब्रोनास अनेक आशीर्वाद.

खरं विचारलंस म्हणून लिहितो. सोमवारी रक्त तपासायला इस्पितळात बोलावलं होतं. गेलो. बाकावर बसलो. तुझ्या आईला शेवटचं नेलं तो दरवाजा समोरच होता. नर्सने माझं नाव तीनदा पुकारलं. मी उठून बाहेर पडलो आणि बसने घरी आलो. कुणाला सांगितलेलं नाही.

मला भीती वाटते. ये.

बाबा