मावशीची बैठक

विश्रामबाग, सांगली

ती. वन्संना शरयूचा वाकून नमस्कार (वाकणं सध्या मनातल्या मनातच, कारण पुढे येईल).

म्हसवडला सगळी खुशाल असतील. तुमचा गुडघा, भावोजींचा खोकला आणि नव्या गाईचा स्वभाव, तिन्ही सिद्धनाथाच्या कृपेने सुधारले असतील. इकडे आम्ही मजेत. तुमचे बंधू आता पोळ्या लाटतात. गोल होत नाहीत, पण त्या पोळ्या आहेत हे अंधारातही कळतं, एवढी प्रगती आहे.

पन्नाशीत एम.ए.ला नाव घातलं तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "लोक हसतील गं." वन्सं, हसले. पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या फाटकावरच्या रखवालदाराने मला अत्यंत आदराने पालकांच्या सभेत नेऊन बसवलं. मीही बसले (पंखा चांगला होता). आपल्या पाल्याला मोबाइलपासून दूर कसं ठेवावं, हे सगळं मन लावून ऐकलं. बाहेर आल्यावर पाटणची एक पोरगी, क्रांती तिचं नाव, म्हणाली, "आवं मावशी, तुमी कुनाच्या आई?" मी म्हटलं, कुणाची नाही, इतिहास, भाग एक. ती डोळे मोठे करून म्हणाली, "म्हंजी माझ्याच वर्गात की! चला, सगळं आवार दावते."

आणि दाखवलं हो तिने! मनोऱ्यावरचं बंद घड्याळ, ज्याला येता-जाता "किती वाजले?" असं विचारायची पद्धत आहे (उत्तर कायम सव्वाचारच). चिंचेचं झाड, ज्याखाली प्रेमात पडलेल्यांनी बसू नये म्हणतात, म्हणून तिथे कायम गर्दी. मग ग्रंथालयाच्या दगडी पायऱ्या. त्यातली मधली पायरी नापासाची. तिच्यावर पाय पडला की वर्ष वाया, म्हणून कुलगुरूसुद्धा धोतर सावरून ती ओलांडतात म्हणे. क्रांती हे मला सांगत होती तेव्हा मी नेमकी त्याच पायरीवर उभी राहून ऐकत होते. आजूबाजूची पोरं जागच्या जागी थिजली. एकाने तर हातातला वडा खाली ठेवला.

तिथून माझे हाल सुरू झाले. आमच्याकडे दरवर्षी कला विरुद्ध विज्ञान अशी रस्सीखेच असते, मध्ये चिखलाचा खड्डा. कला शाखेने तो चिखल इतकी वर्षं खाल्लाय की चवही ओळखीची झालीय. आता यंदाही हरलो तर ते मावशींच्या पायगुणाने, असं पोरं माझ्यासमोरच बोलायला लागली. आमचा कप्तान शोएब, मिरजेचा, फार सालस मुलगा, तोही मला बघितलं की वाट बदलायचा. वर्गात माझ्या बाकावर क्रांतीशिवाय कुणी बसेना. खरं सांगते वन्सं, एका संध्याकाळी मी तुमच्या बंधूंना म्हटलं, नाव काढून टाकते. ते लाटणं हातात धरून म्हणाले, "मग मी हे शिकलो ते कशाला?"

खेळाच्या दिवशी आमचा दोरीच्या शेवटाचा भीमासारखा गडी मिसळ खाऊन आडवा झाला. शोएब डोकं धरून बसला. क्रांतीने माझ्याकडे बोट केलं. "ही मावशी हाय की! लय दणकट हाय." मी दणकट नाही, वन्सं, मी जाड आहे, पण अशा वेळी शब्दांवरून कोण भांडतंय? पदर खोचला, दोरीचं टोक कमरेला गुंडाळलं आणि उभी राहिले.

शिट्टी वाजली आणि विज्ञानवाल्यांनी आम्हाला असं ओढलं की आमचा पहिला गडी खड्ड्याच्या काठावर. मी घसरत चाललेली. तेवढ्यात चप्पल सटकली आणि मी धप्पकन खाली बसले. बस्स. माझं सगळं शौर्य एवढंच. पण दोरी थांबली! समोरचे ओढून ओढून लालबुंद, आणि मी जमिनीत रुतलेली. शोएब ओरडला, "मावशी, उठू नका!" (उठता कुणाला येत होतं?) समोरचे दमले, शोएबने "एक साथ!" म्हणून हाक दिली, आणि विज्ञान शाखा कप्तानासकट चिखलात पालथी! कुंपणापलीकडून तुमच्या बंधूंनी अशी शिट्टी मारली, जी मी लग्नापासून ऐकली नव्हती.

पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. दोनदा. मग विचार बदलून खुर्चीवर बसवून मिरवलं, हलगी लावून! आणि जिथे मी बसले तिथे आता चुन्याने रंगवलेला दगड आहे. त्याचं नाव "मावशीची बैठक". नवी मुलं आवार बघायला आली की क्रांती त्यांना तिथे नेते, आणि परीक्षेआधी पोरं त्या दगडावर टेकून जातात. वर्गात माझ्या शेजारी बसायला आता भांडणं होतात.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुमची वहिनी,
शरयू

ता. क. : मला कुठेही लागलेलं नाही, काळजी नसावी.

ता. क. २ : वर्गात उशी घेऊन बसते, पण हे पत्र घरी पालथं पडून लिहिते आहे. निरगुडीचं तेल मोठ्या बाटलीतून पाठवा.

ता. क. ३ : तेल टपालाने नको, स्वतःच घेऊन या, आणि बी.ए.ची कागदपत्रंही आणा. विज्ञानवाल्यांनी पुढच्या वर्षासाठी एक पैलवान बघून ठेवलाय. शोएब विचारत होता, "मावशी, तुमच्या ओळखीत आणखी कोणी आहे का?" मी तुमचं नाव सांगून टाकलं. म्हटलं, आमच्या वन्सं एकदा बसल्या की त्यांना जागचं हलवणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला आलेला नाही.