आडनाव चुकीचे आहे

३ मार्च, सोमवार
नारिनच्या हृदयतपासणी शिबिराची नोंदणी माझ्याकडे आली. इथून, बिश्केकहून, डॉक्टर जाणार. डोंगरातल्या लोकांनी फोनवरून फॉर्म भरायचा. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितोय, तिच्यात प्रत्येक माहितीचा प्रकार, म्हणजे टाइप, आधीच ठरवतात. वय म्हणजे आकडा, नाव म्हणजे मजकूर. एकदा टाइप लिहिले की डोक्याला ताप नाही.
आमच्या टीमच्या प्रमुख ऐजारकिनताई म्हणाल्या, "अरे सिर्गाक, बाहेरून येणारी माहिती तुझे टाइप वाचून येत नाही. दारातच तपासून घे." हो म्हटलं. जुन्या वळणाच्या आहेत.

६ मार्च
वय मजकूर म्हणूनच येत होतं, आणि मजकुरात पहिलं अक्षर बघतात, म्हणून ९ हे १०० पेक्षा मोठं. त्यामुळे वयस्करांना आधी घ्यायच्या रांगेत नऊ वर्षांची मुलगी सगळ्यात वर, शंभरीचे आजोबा सगळ्यात खाली. ताईंनी विचारलं, "टाइप काय लिहिला होतास?" आकडा, म्हटलं. "मग?"
मग काय. ज्याने फॉर्मचं पान बनवलं त्याची चूक. (मीच बनवलं, पण ते घाईत.)

७ मार्च
थकलोय. तरी संकल्प: आजपासून प्रत्येक रकान्याला स्कीमा, म्हणजे दारातच तपासणारी नियमावली. नियमात बसेल तेच आत. आडनाव म्हणजे एक शब्द, मध्ये मोकळी जागा नको. शिस्त म्हणजे शिस्त. न बसणारा फॉर्म परत, खाली लाल अक्षरांत कारण.
ताई म्हणाल्या, "परत गेलेले फॉर्म अधूनमधून बघत जा." बघेन की.

११ मार्च, दुपार
एकही एरर नाही. सगळं शांत. जेवणात लगमान नूडल्स खाताना ऑफिसात सगळ्यांना स्कीमाचं महत्त्व समजावलं. दोघं मध्येच उठले, कामं असतील.
परत गेलेले फॉर्म बघायचे राहिले. उद्या नक्की.

१४ मार्च, शुक्रवार
शिबिर सुरू. नारिनहून डॉक्टर शेरिपोव्हांचा फोन. म्हणाले, "बाबा रे, सकाळपासून आम्ही नुसता चहा पितोय. पेशंट कुठे आहेत?" म्हटलं, बर्फाने रस्ते बंद असतील. "आम्ही त्याच रस्त्याने आलो," म्हणाले.
परत गेलेले फॉर्म उघडले. तुर्दुबेक किझी. असेक उलू. तुर्दुबेकची मुलगी, असेकचा मुलगा. आडनावाच्या जागी आपल्याकडे किती जण हेच लिहितात. माझा मामासुद्धा. दोन शब्द, मध्ये मोकळी जागा. प्रत्येकाला लाल अक्षरांत उत्तर गेलंय: आडनाव चुकीचे आहे.
तांत्रिकदृष्ट्या स्कीमाने काम चोख केलं. हे ताईंना सांगितलं नाही.

१५ मार्च
डॉक्टर उद्याही थांबायला तयार झाले. ताईंनी तो नियम काढून टाकला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "परत पाठवलेल्यांना आता तूच फोन कर."
सकाळपासून करतोय. घसा बसला. बहुतेकांनी समजून घेतलं, किंवा माझं बोलणं लांबतंय म्हणून हो म्हणाले.
आत-बाशी गावच्या बातमा आजी, त्याच तुर्दुबेक किझी, स्वतः फोनवर आल्या. चालताना छातीत दुखतं. मुलाने फॉर्म पुन्हा पुन्हा भरून पाहिला होता. सांगितलं, आजी, उद्या सकाळी या, डॉक्टर बघतील.
"तिथे नाव विचारतील का रे?"
विचारतील, म्हटलं.
"मग कुठलं सांगू, बाळा? चालेल असं एखादं तूच सांग."